युनियनची निवडणूक: कच्च्या यादीपासून चार्ज देईपर्यंत

युनियनच्या निवडणुकीत हमरीतुमरी होते ती बहुतेक वेळा मोजणीच्या आधीच, सकाळी पावणेसातला, टेबलापाशी. रात्रपाळी सुटायची वेळ झालेली असते, पहिली पाळी आत शिरायच्या घाईत असते आणि कोणीतरी विचारतो, “बारा वर्षं पगारातून वर्गणी कापली जातेय, मग माझं नाव यादीत का नाही?” निवडणूक अधिकाऱ्याकडे त्याचं लेखी उत्तर नसेल, तर दिवसभराचं मतदान कितीही शिस्तीत झालं तरी हरलेलं पॅनल तेवढा एक प्रसंग धरून बसतं. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा मतदार यादीला दिली आहे. मतपेटी, शिक्के, मोजणी या गोष्टी एका दिवसात नीट करता येतात. यादीला मात्र दीड महिना लागतो.

त्याआधी घटना काढून वाचा. युनियनची नोंदवलेली घटना, म्हणजे निबंधकाकडे (युनियनची नोंदणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) दिलेली सही-शिक्क्याची प्रत. कपाटातली टाइप केलेली जुनी प्रत चालत नाही, कारण मधल्या दुरुस्त्या तिच्यात नसतात. १९२६च्या श्रमिक संघ कायद्यात पदाधिकाऱ्यांची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि तिने त्या कायद्याची जागा घेतली. संहितेप्रमाणे दर २ वर्षांनी निवडणूक घेण्याची तरतूद घटनेत असावी लागते. जुन्या कायद्याखाली नोंदलेली युनियन नोंदलेलीच मानली जाते, पण घटना संहितेप्रमाणे सुधारून निबंधकाला द्यायची असते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि वागळे इस्टेटमध्ये ज्या युनियनच्या घटनेत अजून “तीन वर्षं” लिहिलेलं आहे, त्यांनी निवडणुकीची तारीख धरण्याआधी हे काम उरकावं. नाहीतर निवडून आलेली कमिटी किती दिवसांची, हाच पहिला वाद होतो.

आता यादी.

बहुतेक कारखान्यांत वर्गणी पगारातून कापून युनियनच्या खात्यात जमा होते आणि टाइम ऑफिस, म्हणजे हजेरी-पगाराचं ऑफिस, दर महिन्याला कपातीची यादी देतं. तीच यादी मतदार यादी म्हणून लावायची सवय फार ठिकाणी आहे आणि ती चुकीची आहे. ज्या महिन्यात पगार निघाला नाही, त्या महिन्यात कपातही होत नाही. ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) आजारपणाच्या रजेवर असलेला, अपघातानंतर घरी असलेला, बाळंतपणाच्या रजेवर असलेली कामगार, बिनपगारी रजा घेतलेला, सस्पेंड होऊन निर्वाह भत्त्यावर असलेला, हे सगळे कपातीच्या यादीतून आपोआप गळतात. त्यातल्या कोणीही सभासदत्व सोडलेलं नसतं. युनियनची खरोखर गरज असते ती याच लोकांना, आणि मतातून बाहेर राहतात तेही हेच. कंपनीने टोकन नंबर (कामगाराचा कंपनीतला ओळख क्रमांक) चार आकड्यांवरून सहा आकड्यांवर नेले, एका प्लांटमधून दुसऱ्यात बदली झाली, लग्नानंतर नाव बदललं, एवढ्या कारणांनीही नाव सुटतं किंवा दोनदा येतं.

म्हणून तीन कागद शेजारी शेजारी ठेवून यादी करायची: युनियनचं सभासद नोंदणी पुस्तक, मागच्या १२ महिन्यांच्या कपातीच्या याद्या आणि रोख वर्गणीच्या पावत्यांच्या स्थळप्रती. नोंदणी पुस्तकात नाव आहे पण कपात नाही, अशा प्रत्येक नावापुढे कारण लिहायचं: रजा, सस्पेंड, राजीनामा, व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती), निवृत्त, मयत. कपात आहे पण पुस्तकात नाव नाही, अशांचा सभासद अर्ज शोधायचा आणि सापडला नाही तर तेव्हाच भरून घ्यायचा. दोन माणसं रोज दोन तास बसली तर ६०० सभासदांची कच्ची यादी आठवड्याभरात होते.

नावाबरोबर टोकन नंबर, खातं आणि वडिलांचं नाव हवंच. दिघा, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे इथल्या गावांतले भूमिपुत्र ज्या कारखान्यांत आहेत तिथे पाटील, म्हात्रे, भोईर, ठाकूर ही आडनावं पानभर येतात आणि नाव-आडनाव दोन्ही सारखं असलेले दोघे एकाच पाळीत सापडतात. पहिल्याने चुकून दुसऱ्याच्या नावापुढे सही केली की दुसरा आल्यावर “माझं मत कोणी टाकलं” असा गोंधळ उडतो.

बडतर्फ केलेला पण ज्याची केस कोर्टात चालू आहे, त्याला मत आहे का? घटनेत जे लिहिलं असेल ते. घटना गप्प असेल तर कार्यकारिणीने निवडणूक जाहीर करण्याआधी ठराव करावा आणि तो सगळ्या अशा कामगारांना सारखा लावावा. उमेदवार कोण उभे राहणार हे कळल्यानंतर केलेला ठराव कोणाच्या तरी सोयीचाच वाटतो. कंत्राटी कामगारांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. त्यांच्याकडून सभासद म्हणून वर्गणी घेतली असेल तर त्यांना मत द्यावंच लागेल. वर्गणी घ्यायची, मोर्च्याला पुढे करायचं आणि मतदानाला मात्र “ते आपले नाहीत” म्हणायचं, हे युनियनने करू नये.

थकबाकीसाठी एक ठरावीक तारीख ठेवा आणि ती नोटिशीत मोठ्या अक्षरात छापा. त्या तारखेच्या संध्याकाळी सहापर्यंत जो भरेल तो मतदार, नंतर कोणी नाही, अध्यक्षाचा भाऊ असला तरी नाही. इथे एक जुनी खेळी चालते. एखादं पॅनल शेवटच्या दिवशी ३०-४० जणांची थकबाकी एकगठ्ठा भरतं आणि आपले मतदार उभे करतं. त्यावर उपाय म्हणजे ज्याची थकबाकी त्यानेच सही करून भरायची, हे नोटिशीतच लिहायचं. दुसरी खेळी पावती पुस्तकाची. मागची तारीख टाकून पावत्या फाडल्या जातात. पावतीचा अनुक्रमांक, कॅशबुकातली नोंद आणि बँकेत भरणा झालेली तारीख या तिन्हींचा मेळ घातला की ते लगेच उघड होतं. थकबाकीची मुदत संपली की निवडणूक अधिकाऱ्याने सगळी पावती पुस्तकं मागवून शेवटच्या वापरलेल्या पावतीवर तारखेसह सही करावी. पाच मिनिटांचं काम आहे.

कच्ची यादी कँटीनमध्ये लावा. टाइम ऑफिसजवळचा बोर्ड जनरल शिफ्टवाल्यांनाच दिसतो, कँटीनमध्ये तिन्ही पाळ्या येतात. हरकतींसाठी निदान ७ दिवस द्या. हरकत तोंडी घेऊ नका. वहीत नंबर टाकून नोंदवा, हरकत घेणाऱ्याला पोच द्या आणि निर्णय त्याच नंबरापुढे एका ओळीत कारणासह लिहा. सकाळी पावणेसातला टेबलापाशी लागणारं लेखी उत्तर ते हेच. व्हॉट्सअॅपवर यादीचे फोटो टाकायला हरकत नाही, पण मोबाइल नंबर आणि पत्ता असलेला तक्ता टाकू नका.

तारीख ठरवताना आपल्या भागाचा विचार करा. गणपती आणि शिमग्याला कोकणातले कामगार गावी असतात, मे महिन्यात निम्मी रजा लागलेली असते. रविवारी कारखान्याबाहेर एखाद्या हॉलमध्ये मतदान ठेवणार असाल तर ट्रान्सहार्बर रेल्वेला मेगाब्लॉक आहे का ते पाहा. कळवा, कल्याण, बदलापूरहून येणारा कामगार ठाण्याला अडकून दुपारी परत फिरतो. पावसाळ्यात गेटबाहेर मंडप घालून मतदान घेऊ नये, मतपत्रिका ओलसर झाली की शिक्का पसरतो. पगारवाढीचा करार संपत येत असेल तर त्याच्या आधी तीन महिने तरी निवडणूक उरकलेली बरी. जाणाऱ्या कमिटीने दिलेला मागण्यांचा मसुदा येणाऱ्या कमिटीला आपला वाटत नाही, आणि त्याचा फायदा समोरच्या टेबलावर बसणाऱ्याला होतो.

निवडणूक अधिकारी उमेदवार नसावा एवढं पुरेसं नाही, तो कोणाचा सूचकही नसावा. निवृत्त सभासद, वकील किंवा शेजारच्या कारखान्यातल्या युनियनचा जुना पदाधिकारी चालतो. नाव कार्यकारिणीने सुचवावं आणि सर्वसाधारण सभेने मंजूर करावं.

उमेदवारी अर्जाचं लवकर आटोपतं. सूचक आणि अनुमोदक पक्क्या यादीतले हवेत, एका पदासाठी एका माणसाने जागांपेक्षा जास्त उमेदवार सुचवू नयेत, आणि टोकन नंबरातला एक आकडा चुकला म्हणून अर्ज बाद करू नये. माणूस ओळखू येत असेल तर छाननीच्या वेळीच दुरुस्ती करून त्यावर सही घ्यावी. बिनविरोध झालेल्या जागा माघारीच्या दिवशीच जाहीर कराव्यात.

छाननीत खरी चूक होते ती बाहेरच्या माणसांच्या मोजणीत. कारखान्यात किंवा त्या उद्योगात काम न करणारे पदाधिकारी एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक तृतीयांश किंवा ५, यांतली जी संख्या कमी असेल तेवढेच चालतात. असंघटित क्षेत्रात निम्म्यापर्यंत मुभा आहे. आता “एकूण पदाधिकारी” म्हणजे कोण? लोक अध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार एवढेच मोजतात, पण कायद्याच्या अर्थाने कार्यकारिणीचा प्रत्येक सभासद पदाधिकारी असतो. हिशोबतपासनीस तेवढा त्यात येत नाही. समजा अध्यक्ष १, कार्याध्यक्ष १, उपाध्यक्ष २, सरचिटणीस १, सहचिटणीस २, खजिनदार १ आणि कमिटी मेंबर ७, असे १५ झाले. बाहेरचे जास्तीत जास्त ५. कमिटी १२ची असेल तर ४. ११ची असेल तर ३च, कारण ३.६७चे चार करता येत नाहीत. २१ची असेल तरी ५. निवृत्त झालेला किंवा नोकरकपातीत काढलेला कामगार या हिशोबात बाहेरचा धरत नाहीत. मंत्री किंवा सरकारी लाभाचं पद असलेला माणूस मात्र पदाधिकारी होऊ शकत नाही.

मतपत्रिका एका स्तंभाची छापा. दोन स्तंभ केले की घडी घालताना ओला शिक्का समोरच्या नावावर उमटतो. शिक्का फुलीबाणाचा, म्हणजे सरकारी निवडणुकीत असतो तसा घ्या. घडीमुळे उमटलेला ठसा त्यात उलटा दिसतो, म्हणून मूळ खूण कोणती ते कळतं. पेन नको. पेन दिलं की कोणी सही करतं, कोणी “जय हो” लिहितं आणि चांगलं मत बाद होतं. मध्यवर्ती पदांची पत्रिका पांढरी आणि खात्यानुसार निवडून द्यायच्या कमिटी मेंबरची वेगळ्या रंगाची ठेवा: उत्पादन पिवळी, मेंटेनन्स गुलाबी, पॅकिंग हिरवी, याप्रमाणे. मतदार यादीत नावापुढे रंग आधीच लिहून ठेवा, म्हणजे टेबलावरच्या माणसाला घाईत विचार करावा लागत नाही. अनुक्रमांक फक्त स्थळप्रतीवर छापा, पत्रिकेवर नको, कारण स्थळप्रतीवर सही असते आणि दोन्हींवर तोच नंबर असला की कोणाचं मत कुठे गेलं ते शोधता येतं. पत्रिकेच्या पाठीवर निवडणूक अधिकाऱ्याची सही मात्र हवी. ६०० मतदारांसाठी ५० पानांची १३ पुस्तकं, म्हणजे ६५० पांढऱ्या पत्रिका पुरतात. खात्याच्या रंगीत पत्रिका त्या त्या खात्याच्या संख्येप्रमाणे.

हात वर करून मतदान घेऊ नका. सभेत सुपरवायझरच्या मर्जीतले चार जण बसलेले असतात आणि कोणाचा हात कधी वर गेला हे संध्याकाळपर्यंत ऑफिसात पोहोचतं. गुगल फॉर्मही नको. लिंक पुढे पाठवता येते, दुसऱ्याचा टोकन नंबर टाकता येतो आणि फॉर्म ज्याच्या हातात आहे त्याला प्रत्येकाचं मत दिसू शकतं.

मतदानाच्या दिवसाचं गणित पाळ्यांवर बांधायचं. सात-तीन, तीन-अकरा, अकरा-सात अशा पाळ्या असतील तर सकाळी सव्वासहा ते दुपारी चार एवढ्या वेळात तिन्ही पाळ्या सापडतात. पहिली पाळी येताना, रात्रपाळी जाताना, जनरल शिफ्ट जेवणाच्या सुट्टीत आणि दुसरी पाळी येताना. पेटी रात्रभर ठेवायची वेळ येत नाही, आणि ती येऊच द्यायची नाही. अडचण फक्त सातच्या ठोक्याला होते. समजा रात्रपाळीचे १५० जण आहेत आणि कंपनीची बस ७.२०ला सुटते. १५ जागांच्या पत्रिकेवर शिक्के मारायला एका माणसाला सरासरी दोन मिनिटं धरली तर ३०० मिनिटांचं काम २० मिनिटांत बसवायला १५ आडोसे लागतील. तेवढे शक्य नसतात. कंपनीकडून आधीच लेखी मान्यता घेऊन बस ७.४५पर्यंत थांबवली, म्हणजे सातपासून पाऊण तास मिळाला, तर ७ आडोसे पुरतात. बसची व्यवस्था न केल्यामुळे रात्रपाळी मत न टाकता निघून जाते, आणि रात्रपाळीत कोणाचं वजन जास्त आहे हे दोन्ही पॅनलना पक्कं माहीत असतं. आठवडाभर आधी कँटीनमध्ये नमुना मतपत्रिका लावली, तिच्यावर “नमुना” असा मोठा शिक्का मारला, तर आडोशातला वेळ बराच वाचतो.

आडोशाच्या वर सीसीटीव्ही कॅमेरा आहे का ते आदल्या दिवशी डोकं वर करून पाहा. कँटीनमध्ये तो असतोच. जागा बदला किंवा वरून ताडपत्री बांधा. मोबाइल बाहेर टोपलीत ठेवायला लावा, टोकन नंबरची चिठ्ठी लावून. मोबाइल आत गेला की मतपत्रिकेचा फोटो काढून दाखवण्याची सक्ती सुरू होते. जिथे मतं पार्टीवर आणि पाकिटावर फिरतात तिथे तो फोटो म्हणजे पावती असते.

सगळ्यात धोक्याची युक्ती म्हणजे साखळी मतदान. पहिला मतदार कोरी पत्रिका पेटीत न टाकता खिशातून बाहेर आणतो. बाहेरचा माणूस तिच्यावर शिक्के मारून दुसऱ्याला देतो, दुसरा ती पेटीत टाकून आपली कोरी बाहेर आणतो, आणि दिवसभर हे चालू राहतं. पाठीवरची सही खरीच असते, त्यामुळे मोजणीत काही कळत नाही. उपाय एकच: पेटी आडोसा आणि बाहेरचं दार यांच्या मध्ये, उघड्यावर ठेवायची, आणि घडी घातलेली पत्रिका पेटीत पडलेली पाहिल्याशिवाय कोणालाही दाराकडे जाऊ द्यायचं नाही. त्यासाठी एक माणूस फक्त पेटीजवळ नेमा, त्याला दुसरं काम देऊ नका.

सुरुवातीला पेटी उलटी करून सगळ्या प्रतिनिधींना रिकामी दाखवा, कुलूप लावून त्यावर कागदी पट्टी आणि लाख, पट्टीवर प्रत्येक पॅनलच्या प्रतिनिधीची सही. चार वाजता जे रांगेत उभे असतील त्यांना चिठ्ठ्या द्या, आणि त्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून सुरू करून पुढे या. पुढून वाटत गेलात तर वाटप होईपर्यंत मागे दहा जण वाढतात.

भिवंडी किंवा पनवेलच्या गोदामात असलेल्या सभासदांना दोन पाकिटांची पद्धत चांगली. आतल्या पाकिटात पत्रिका, त्यावर काहीही लिहायचं नाही. बाहेरच्या पाकिटावर नाव, टोकन नंबर, सही. मोजणीआधी बाहेरची पाकिटं यादीशी ताडून फोडायची आणि आतली न फोडता आधी एकत्र मिसळायची.

मोजणीत पहिलं काम मतं मोजण्याचं नाही, कागद मोजण्याचं. पांढऱ्या पत्रिका छापल्या ६५०. दिल्या ५३१, उरल्या ११९. दिलेल्यांपैकी ४ खराब झाल्या म्हणून परत घेऊन बदलून दिल्या. म्हणजे पेटीत ५२७ हव्यात आणि यादीवर सह्याही ५२७ हव्यात. पेटीत ५२६ निघाल्या तर एक बाहेर गेली. ५२८ निघाल्या तर एक कुठून तरी आली, आणि तेव्हा पाठीवरची सही तपासायची. हा मेळ लिहून प्रतिनिधींच्या सह्या झाल्याशिवाय एकही पत्रिका उलगडू नका. पाकिटातून आलेल्या मतांचा हिशोब वेगळा लिहा.

मग २५-२५चे गठ्ठे. एकाने मोठ्याने वाचायचं, दोघांनी वेगवेगळ्या तक्त्यांवर रेघा मारायच्या, बाजूला प्रत्येक पॅनलचा एकेक माणूस. गठ्ठा संपला की दोन्ही तक्ते जुळवायचे. जुळले नाहीत तर तेवढेच २५ पुन्हा. सगळी मोजणी संपल्यावर फरक सापडला की पहाटेपर्यंत कोणी घरी जात नाही. बाद मत पदागणिक ठरवा: उपाध्यक्षाच्या २ जागांसाठी ३ शिक्के मारले तर उपाध्यक्षाचं मत बाद, खजिनदाराचं शाबूत. एकच शिक्का मारला तर तो धरायचा. समसमान मतं पडली तर चिठ्ठी टाकायची की फेरमतदान घ्यायचं, हे घटनेत किंवा निवडणुकीच्या नोटिशीत आधीच असावं.

निकालपत्रावर सह्या झाल्या की पत्रिका, स्थळप्रती, सह्यांची यादी आणि तक्ते एका पेटीत मोहोरबंद करा आणि तक्रारीची मुदत संपेपर्यंत निवडणूक अधिकाऱ्याकडेच ठेवा. नव्या कमिटीकडे नकोत, जुन्याकडेही नकोत. वाद मिटला नाहीच तर पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीचा वाद संहितेखाली न्यायाधिकरणापुढे नेता येतो. तिथे बोलणारी गोष्ट म्हणजे ही पेटी आणि हरकतींची वही.

चार्ज घेताना नुसती किल्ली घेऊ नका. कॅशबुक, बँक पासबुक, वापरलेली आणि कोरी पावती पुस्तकं नंबरांसह, कोरे चेक नंबरांसह, मुदत ठेवींच्या पावत्या, सभासद नोंदणी पुस्तक, ठरावांचं पुस्तक, सगळ्या करारांच्या मूळ प्रती, कोर्टातल्या केसेसची यादी पुढच्या तारखांसह, युनियनचा शिक्का. दोन प्रतींत यादी, दोन्ही खजिनदारांच्या सह्या. कोरी पावती पुस्तकं जुन्या खजिनदाराकडे राहिली तर वर्गणी दोन ठिकाणी गोळा होऊ लागते, आणि कारखान्यात दोन युनियन उभ्या राहायला तेवढं पुरतं. कोर्टाच्या तारखा राहिल्या तर कोणाची तरी केस गैरहजेरीत निकालात निघते.

त्याच आठवड्यात चार पत्रं जायला हवीत: पदाधिकाऱ्यांतल्या बदलाचं निबंधकाला, नव्या कमिटीच्या नावांचं कंपनीला, सह्या बदलण्यासाठी ठरावाच्या प्रतीसह बँकेला, आणि संरक्षित कामगारांच्या नावांचं पुन्हा कंपनीला. संरक्षित कामगार म्हणजे वाद चालू असताना परवानगीशिवाय कामावरून काढता न येणारे युनियनचे पदाधिकारी. ते एकूण कामगारांच्या १ टक्का, पण कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त १००. म्हणजे ६०० कामगारांत १ टक्का ६ होतो, ३००च्या कारखान्यात ३ होत असले तरी ५ मिळतात. प्रत्येक पत्राची पोच तारखेसह घ्या आणि नव्या फाइलचं पहिलं पान म्हणून ती लावा.